दोन यंत्रे, एक डबा

लपंडावाचा खेळ तुम्ही सर्वांनी खेळलेला आहे. राज्य घेतलेला गडी भिंतीकडे तोंड करून अंक मोजतो आणि बाकीचे लपतात. आता या खेळात थोडा बदल करू. माणसांऐवजी एक डबा लपवायचा. लपवणारा गडी खेळाच्या वेळी तेथे हजरही नसतो. कदाचित दोन वर्षांपूर्वीच तो डबा दडवून निघून गेलेला असतो. जाताना त्याने फक्त दोन संख्या जाहीर केलेल्या असतात. त्या जागेचा अक्षांश आणि त्या जागेचा रेखांश. तेवढ्यावरून डबा हुडकून काढायचा, आतल्या वहीत आपले नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसा पुन्हा ठेवून द्यायचा.

या खेळाला ‘जिओकॅशिंग’ असे नाव आहे. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘कॅश’ म्हणजे दडवून ठेवलेला साठा. रोख रकमेशी या शब्दाचे उच्चारापुरतेच साम्य आहे. आज जगातल्या बहुतेक देशांत मिळून असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. एक तर २००८ साली पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातसुद्धा ठेवला गेला!

२०१९ च्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात तिच्या भावाकडे गेलो होतो. माझ्या मेहुण्याला या खेळाचा नाद आहे. त्याने आपली दोन जुनी, हातात धरायची जी.पी.एस. यंत्रे आमच्या हवाली केली आणि पोर्टलंड शहराबाहेरच्या एका वनात आम्हाला सोडून तो कामावर गेला. दोघांच्या यंत्रांत त्याने एकच अक्षांश आणि एकच रेखांश भरून दिला होता. यंत्राच्या पडद्यावर एक बाण आणि ‘अजून इतके मीटर’ असा आकडा दिसत असे.

पहिला अर्धा किलोमीटर आम्ही मजेत चाललो. दोन्ही बाण एकाच दिशेला होते, दोन्ही आकडे बरोबरीने कमी होत होते. घोटाळा शेवटी झाला. माझे यंत्र म्हणू लागले, ‘डबा ९ मीटरवर, पूर्वेला.’ पत्नीचे यंत्र म्हणू लागले, ‘६ मीटरवर, नैर्ऋत्येला.’ पन्नास-साठ मीटर उंचीच्या डग्लस फर वृक्षांखाली, ओल्या नेच्यांत गुडघाभर बुडालेले आम्ही दोघे एकमेकांकडे पाठ करून विरुद्ध दिशांना बोटे दाखवत उभे होतो.

“अहो, दोघांपैकी एक यंत्र बिघडलेले आहे,” ती म्हणाली.

“अगं, दोन्ही चांगली आहेत,” मी म्हणालो.

“मग आकडे जुळत का नाहीत?”

माझी पत्नी बँकेत आहे. तेथे दिवसअखेर पाच रुपयांचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. जुळत नसलेले दोन आकडे आणि ‘दोन्ही चांगली आहेत’ हे माझे म्हणणे तिला पटेना. मी पदार्थविज्ञान शिकवतो. तेव्हा हा प्रश्न मला सोडवता यायलाच हवा होता. तो सोडवण्यासाठी आधी यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू.

घंटा आणि घड्याळ

जी.पी.एस. यंत्र आकाशाकडे काही पाठवते आणि उपग्रह त्याला ‘तू अमुक ठिकाणी आहेस’ असे कळवतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. यंत्र काहीही पाठवत नाही. रेडिओप्रमाणे ते नुसते ऐकते. बोलतात ते उपग्रह, आणि ते एवढेच सांगतात की ‘मी अमुक उपग्रह, या क्षणी अमुक ठिकाणी आहे, आणि आता माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.’

एवढ्यावरून आपले ठिकाण कसे काढायचे? समजा, तुम्ही एका मोठ्या माळावर उभे आहात. सभोवतालच्या गावांच्या देवळांत ठीक बारा वाजता घंटा वाजते. पहिल्या गावची घंटा तुम्हाला बारा वाजून ३ सेकंदांनी ऐकू आली. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ते गाव तुमच्यापासून १०२० मीटरवर आहे. नकाशावर त्या गावाभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. तुम्ही त्या वर्तुळावर कोठे तरी आहात. दुसऱ्या गावाच्या घंटेवरून दुसरे वर्तुळ काढा. दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतील. तिसऱ्या गावाचे वर्तुळ त्या दोहोंपैकी कोणते ठिकाण खरे ते सांगेल.

पण तुमचे स्वतःचे घड्याळ एक सेकंद पुढे असेल तर? मग प्रत्येक अंतर ३४० मीटरांनी जास्त येईल आणि तीन वर्तुळे एका बिंदूत छेदणारच नाहीत. गंमत अशी की, हीच अडचण उपयोगी पडते. तुम्ही आपले घड्याळ थोडे थोडे मागे सारत जा. ज्या क्षणी तिन्ही वर्तुळे एका बिंदूत येतील, त्या क्षणी तुम्हाला तुमची जागाही समजली आणि खरी वेळही समजली!

जमिनीवर तीन घंटा लागल्या. उंचीही काढायची असेल, तर आणखी एक लागते. म्हणून जी.पी.एस. यंत्राला निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. हे उपग्रह भूपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे १२ तासांत पुरी करतात. पूर्ण व्यवस्थेला निदान २४ उपग्रह लागतात. प्रत्यक्षात त्याहून अधिक फिरत असतात.

ध्वनीऐवजी येथे रेडिओलहरी आहेत आणि त्यांचा वेग प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात त्या ३०० मीटर जातात. म्हणजे घड्याळात एवढीशी चूक झाली की तुम्ही शाळेऐवजी शेजारच्या आळीत! म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळे बसवलेली असतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचाही येथे हिशेब ठेवावा लागतो. उपग्रहाच्या वेगामुळे त्यावरचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दररोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. पण उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ते दररोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी केली की दररोज ३८ मायक्रोसेकंद उरतात. त्याला तीन लाख किलोमीटरांनी गुणून पाहा. ही दुरुस्ती केली नाही, तर अंतराच्या हिशेबात एका दिवसात ११ किलोमीटरांहून अधिक चूक साचेल.

खेळाचा जन्म

ही व्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. पुढे सामान्य नागरिकांनाही ती वापरता येऊ लागली. पण नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळलेला असे. त्यामुळे साध्या यंत्राची चूक १०० मीटरांपर्यंत जाई. हा मुद्दाम घातलेला गोंधळ २ मे २००० रोजी बंद करण्यात आला आणि जगातली सगळी यंत्रे एका रात्रीत सुमारे दहापट अचूक झाली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने या नव्या अचूकतेची परीक्षा पाहायचे ठरवले. ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळ त्याने एक बादली लपवली. तिच्यात नोंदवही, पेन्सिल, काही पुस्तके, संगणकाचे सॉफ्टवेअर, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा असे सामान ठेवले आणि त्या जागेचे आकडे जाहीर केले: उत्तर अक्षांश ४५° १७.४६०′, पश्चिम रेखांश १२२° २४.८००′. तीन दिवसांच्या आत दोघा जणांनी आपापल्या यंत्रांनी ती बादली शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीला मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले.

हा खेळ आदल्या आठवड्यात का जन्मला नाही? साधा हिशेब करू. चूक १०० मीटर असेल, तर १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात शोध घ्यावा लागतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे पावणेआठ एकर रान! चूक १० मीटर झाली, की क्षेत्रफळ उरते ३१४ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या बंगल्याच्या आवाराएवढे. त्रिज्या दहापट घटली की काम शंभरपट घटते. पावणेआठ एकरांत बादली शोधणे ही शिक्षा झाली असती. आवाराएवढ्या जागेत ती शोधणे हा खेळ झाला.

मोजणे आणि मापणे

आता आमच्या भांडणाकडे वळू. एकाच ठिकाणी उभी असलेली दोन चांगली यंत्रे दोन वेगळी उत्तरे का देतात?

याचे कारण असे की उपग्रहापासून यंत्रापर्यंत येताना लहरींच्या वाटेत अनेक विघ्ने असतात. वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनांबरात त्यांना उशीर होतो. तो दिवसा जास्त आणि रात्री कमी असतो. उपग्रहाची कक्षा आणि त्याचे घड्याळ यांच्या माहितीत थोडी चूक असते. शेवटी जमिनीजवळ झाडे, कडे, इमारती यांवर आपटून लहरी वळणाने येतात; आणि वळणाने आलेली लहर म्हणजे लांबून आल्यासारखी वाटणारी लहर. माझे यंत्र कदाचित सहा उपग्रह ऐकत होते आणि पत्नीचे सात. माझ्या डोक्यावर एक जाड बुंधा होता, तिच्या डोक्यावर थोडे मोकळे आकाश होते. मग उत्तरे सारखी कशी येणार?

बाणाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ज्या साध्या यंत्रात चुंबकसूची नसते, त्याला ‘पूर्व कोणती’ हे तुम्ही चालत असतानाच कळते. आधी कोठे होता आणि आता कोठे आहात, यावरून ते दिशा काढते. तुम्ही उभे राहिलात की बाण भरकटतो. आम्ही दोघे उभे राहून बाणाकडे पाहत होतो!

पत्नीला मी म्हणालो, “तू बँकेत पैसे मोजतेस. मी प्रयोगशाळेत लांबी मापतो. ही दोन वेगळी कामे आहेत.”

विद्यार्थी मित्रहो, हा फरक नीट ध्यानात घ्या. वर्गात ४२ मुले आहेत, पेटीत ३१५ रुपये आहेत, ही मोजणी आहे. तिचे उत्तर तंतोतंत असते. दोघांच्या उत्तरांत फरक पडला तर एकाचे नक्की चुकले. पण टेबलाची लांबी, ताप, वजन, वेळ, अक्षांश ही मापने आहेत. मापनाचे उत्तर कधीही तंतोतंत नसते. ‘४५° १७.४६०′’ असे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले पाहिले की आपण दबून जातो. पण त्याचा अर्थ काय? अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १८५२ मीटर. म्हणून शेवटचा अंक एकाने बदलला की जागा १.८५ मीटर सरकते. ज्या यंत्राची चूक पाच मीटर आहे, त्याच्या शेवटच्या अंकावरून भांडण्यात काय अर्थ आहे?

यंत्राने दाखवलेला बिंदू म्हणजे खरे पाहता एका वर्तुळाचा मध्य आहे. ‘तू येथे आहेस’ असे यंत्र म्हणत नाही. ‘तू बहुधा या वर्तुळात आहेस’ असे ते म्हणते. आमची दोन वर्तुळे एकमेकांत बरीचशी मिसळलेली होती. याचा अर्थ आमच्या दोन यंत्रांत भांडण नव्हतेच. भांडत होतो आम्ही.

आणखी एक वर्तुळ आम्ही विसरलो होतो. ज्याने डबा लपवला, त्यानेही त्या जागेचे आकडे अशाच एका यंत्राने घेतले होते. त्याचीही चूक पाच मीटर धरा आणि आमचीही पाच मीटर धरा. या दोन चुकांची साधी बेरीज करून चालत नाही, कारण त्या दर वेळी एकाच दिशेला नसतात. त्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे मिळवाव्या लागतात. पाचाचा वर्ग २५, आणखी २५, बेरीज ५० आणि तिचे वर्गमूळ सुमारे ७. म्हणजे शोध घ्यायचा तो सात मीटर त्रिज्येच्या वर्तुळात.

हे मी समजावून सांगत होतो तेव्हा पत्नीने आपले यंत्र केव्हाच खिशात टाकले होते. एका आडव्या पडलेल्या ओंडक्याकडे ती पाहत होती. ओंडक्याखाली सालीचे चार तुकडे एकाशेजारी एक, ओळीने मांडलेले होते. “झाडाची साल अशी ओळीने पडत नाही,” ती म्हणाली. तुकडे बाजूला केले तर आत एक बोटाएवढी डबी! आत गुंडाळी केलेला कागद आणि त्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावे. माझ्या बाणापासून आणि तिच्या बाणापासूनही ती डबी तिसऱ्याच दिशेला, पाच-सहा मीटरवर होती. म्हणजे वर्तुळाच्या आत.

फलकापाशी

रविवारी मेहुण्याने आम्हाला बीव्हरक्रीकजवळच्या त्या मूळ जागी नेले. अल्मरच्या बादलीच्या ठिकाणी आता एक स्मृतिफलक आहे. मला वाटले, येथे आपल्या यंत्रांची परीक्षा घेता येईल. आम्ही दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवली आणि दर मिनिटाला दोन्हींचे आकडे वहीत लिहू लागलो. वीस मिनिटांत माझ्या यंत्राचे बिंदू सुमारे आठ मीटरांत विखुरले, तिच्या यंत्राचे सहा मीटरांत. आम्ही दोघांची सरासरी काढली. माझी सरासरी जाहीर आकड्याच्या चार मीटर उत्तरेला आली, तिची तीन मीटर उत्तरेला.

मी खूश झालो. “पाहिलेस? सरासरी काढली की दोन्ही यंत्रे जुळली. म्हणजे खरी जागा थोडी उत्तरेला असणार.”

यावर ती म्हणाली, “एकाच चुकीच्या व्हाउचरवरून आम्ही दोघींनी बेरीज केली, तर दोघींचीही बेरीज जुळते. म्हणून ती बरोबर असते का?”

तिने माझ्या बोलण्यातली नेमकी चूक पकडली होती. मापनातल्या चुका दोन प्रकारच्या असतात. काही चुका प्रत्येक यंत्राच्या आपापल्या असतात. त्या कधी इकडे, कधी तिकडे जातात आणि पुष्कळ वाचनांची सरासरी काढली की बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. पण काही चुका सर्वांच्या सामाईक असतात. त्या वीस मिनिटांत आयनांबराने लहरींना उशीर केला असेल, तर तो दोन्ही यंत्रांना जवळजवळ सारखाच केला. अशी चूक शंभर यंत्रे आणली तरी सरासरीने जात नाही. शंभर जणांचे एकमत झाले, म्हणून ती नाहीशी होत नाही. शिवाय तो जाहीर आकडा स्वतःच २००० सालच्या एका हातयंत्राने घेतलेला! तीन-चार मीटरांचा फरक आमचा, आकाशाचा की अल्मरच्या यंत्राचा, हे तेथे उभे राहून सांगणे शक्य नव्हते.

मात्र सामाईक चुकीवरही एक उपाय आहे आणि तो फार सुंदर आहे. सामाईक चूक सरासरीने जात नाही, पण वजाबाकीने जाते. ज्या जागेचे अक्षांश-रेखांश काटेकोर सर्वेक्षणाने आधीच ठाऊक आहेत, तेथे एक यंत्र कायमचे बसवा. ते यंत्र ‘मी चार मीटर उत्तरेला आहे’ असे म्हणू लागले, की आकाशाने या क्षणी किती फसवले ते कळले. मग भोवतालच्या सर्व यंत्रांना ‘तुमच्या उत्तरातून एवढे वजा करा’ असे कळवायचे. आपल्या देशाची ‘गगन’ ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते. भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ती विमानांसाठी उभारली आहे. देशभर पसरलेली संदर्भ-केंद्रे चूक मापतात आणि तिची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना कळवली जाते. धुक्यात धावपट्टी शोधणाऱ्या विमानाला सात मीटरांच्या वर्तुळात हिंडून पाहण्याची सवलत नसते!

लाल वर्तुळ

परतीच्या विमानप्रवासात मला एक जुनी गोष्ट वारंवार आठवत होती. ती येथे, विशेषतः शिक्षकांसाठी, सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिक परीक्षेला मी परीक्षक होतो. प्रयोग साधा होता: लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वीय त्वरण काढणे. एका विद्यार्थिनीचे उत्तर आले ९.६. तिने खाली लिहिले होते, ‘घड्याळ सुरू व बंद करताना सुमारे अर्ध्या सेकंदाची चूक झालेली असू शकते.’ पुस्तकातली किंमत ९.८. मी तिच्या उत्तराभोवती लाल वर्तुळ काढले, खालचे वाक्य खोडले आणि गुण कापले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे उत्तर बरोबर ९.८० होते. त्याला पूर्ण गुण दिले.

एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलने करायला सुमारे ४० सेकंद लागतात. त्यात ०.४ सेकंदांची, म्हणजे एक टक्क्याची चूक झाली, तर वेळेचा वर्ग करावा लागत असल्यामुळे उत्तरात दोन टक्क्यांची चूक येते. ९.८ चे दोन टक्के म्हणजे सुमारे ०.२. मुलीचे उत्तर आणि तिचे ते वाक्य, दोन्ही चोख होते. संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधताना मुलाची वाचने माझ्या नजरेस पडली. आमच्या घड्याळाचे लघुतम माप ०.१ सेकंद होते. त्याने मात्र वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिली होती. उत्तर आधी धरून वाचने मागाहून बनवलेली होती. गठ्ठा पुन्हा सोडणे मला तेव्हा कठीण नव्हते. मी तो सोडला नाही.

त्या वनात मी पत्नीला जे मोठ्या ऐटीत समजावून सांगत होतो, तेच त्या मुलीने एका ओळीत लिहिले होते आणि मी ते खोडले होते. आता माझ्या प्रयोगशाळेत उत्तराशेजारी ‘अधिक-उणे’ किती, हे लिहिल्याशिवाय वही तपासली जात नाही. आणि पुस्तकातल्या किमतीपासून दूर गेलेल्या उत्तराला, दूर का गेले ते सांगितलेले असेल, तर पूर्ण गुण मिळतात.

तुम्ही करून पाहा

हा प्रयोग करायला ऑरेगनला जायची जरुरी नाही. आजकालच्या बहुतेक मोबाइल फोनमध्ये जी.पी.एस. ऐकणारे यंत्र असते. शिक्षकांच्या किंवा पालकांच्या परवानगीने दोन फोन घ्या. शाळेच्या ध्वजस्तंभाखाली ते शेजारी शेजारी ठेवा आणि दर मिनिटाला दोन्हींवरचे अक्षांश-रेखांश लिहा. अशी वीस वाचने घ्या. दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, पुन्हा वीस घ्या. मग आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा.

मीटरांत रूपांतर करताना एक काळजी घ्या. अक्षांशाच्या ०.००१ मिनिटाला १.८५ मीटर होतात. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून तेथे १.८५ ला अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. ऑरेगनच्या त्या फलकापाशी रेखांशाच्या ०.००१ मिनिटाला १.३० मीटर होतात, पुण्याला सुमारे १.७६ मीटर. दोन्ही फोनचे ठिपके किती मीटरांत विखुरले? दोघांची सरासरी जुळली का? पहिल्या दिवशीची सरासरी आणि दुसऱ्या दिवशीची सरासरी यांत जो फरक पडला, तो फोनचा की आकाशाचा?

डबा लपवण्याचा खेळही खेळता येईल. पण तो शाळेच्या आवारात आणि मुख्याध्यापकांना सांगूनच खेळा. स्थानक, बाजार, देऊळ किंवा किल्ला अशा ठिकाणी बेवारस डबा ठेवू नका. लोक घाबरतील आणि पोलिसांना नाहक धावपळ होईल. डबा जमिनीत पुरू नये, त्यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत आणि शोधताना झाडांची मोडतोड करू नये, हे या खेळातले नियम तर आहेतच. दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येकाच्या हाती वेगळा फोन द्या. शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात टाकून आजूबाजूला नीट पाहा.

तुमचे आलेख आम्हाला जरूर पाठवा. आणि त्यातला एखादा ठिपका बाकीच्यांपासून फार दूर पडला असेल, तर तो खोडू नका.